आला का नाही आला

इंगळे सिस्टरनी मला आयुष्यात पहिल्यांदा जो प्रश्न विचारला तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. पण त्यांनी तो चारचौघांतच विचारला होता, तेव्हा आता लपवून उपयोग नाही. थंडीचे दिवस होते. अमरावतीहून मोझरीला जाऊन परत यायची सायकल शर्यत होती आणि उजाडता उजाडता रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांत नवंकोरं हेल्मेट घातलेला मी होतो. एक ठेंगण्या, सावळ्या, पांढऱ्या बुटांतल्या बाई प्रत्येकासमोर थांबत थांबत येत होत्या. माझ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, "जयभीम. जीभ दाखवा." मी दाखवली. मग मागे कॉलेजच्या दोन मुली उभ्या असताना त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "सकाळी लघवी कोन्त्या रंगाची झाली?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"पिवळी का पांढरी, दोनच सांगा. कविता नाई म्हनाले लावली तुमाले."

मी पिवळी म्हणालो. त्यांनी मला दंडाला धरून रांगेतून बाहेर काढलं, समोर उभं करून दोन पेले पाणी पाजलं आणि तोवर सगळी शर्यत थांबवून ठेवली. लोक माझ्याकडे बघत होते. मुली तर फारच बघत होत्या. मोझरीपर्यंत माझ्या त्या बाईंना मनातल्या मनात वऱ्हाडीतल्या सगळ्या शिव्या देऊन झाल्या, आणि परत येताना उन्हात दोन धडधाकट पोट्टे पायात गोळे येऊन बसलेले दिसले तेव्हा त्या शिव्या मुकाट्याने मागे घेतल्या.

सिस्टर अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. प्रमिला हे त्यांचं नाव, पण ते मी फक्त पोलिसांच्या परवानगीच्या अर्जावर वाचलं. बाकी सगळ्या जगाला त्या सिस्टर. त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले लोक त्यांना सिस्टर म्हणत, आणि घरी फोन केला तर त्यांचे यजमानसुद्धा "सिस्टर आत्ताच ड्यूटीवर गेल्या" असंच सांगत. चाळिशी उलटल्यावर साखर वाढली म्हणून त्यांनी मुलाची सायकल घेतली आणि पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या फाटकासमोर आपटल्या. पेशंटांचे नातेवाईक धावत आले. सिस्टर रस्त्यावर बसल्या बसल्या त्यांच्यावरच ओरडल्या, "माह्याकडं काय पाह्यता? सलाइन संपली असंन, तिकडं पाहा!" हा प्रसंग मला त्यांनीच सांगितला. तो सांगताना त्यांना आपण पडलो याचं काही नव्हतं. त्या वेळी सलाइन खरंच संपलेली निघाली, याचा त्यांना अभिमान होता.

आमचा सायकलवाल्यांचा गट निम्मा अमरावतीचा आणि निम्मा अकोल्याचा. दोन्ही गावांना एकमेकांविषयी जे वाटतं ते गटात पुरेपूर होतं. अमरावतीचे म्हणत, अकोल्यात माणूस उन्हानेच तयार होतो, सायकलीची गरज नाही. अकोल्याचे म्हणत, अमरावतीचे लोक शर्यतीपेक्षा भाषणांना जास्त वेळ देतात. दिवाळीनंतर शर्यती सुरू व्हायच्या आणि शिवरात्रीच्या सुमारास संपायच्या: पहिली मोझरीची, मग अचलपूरची, मग अकोल्याहून पातूरच्या घाटाची, आणि शेवटी अमरावती ते अकोला. हे सगळं सिस्टरनी अंगावर घेतलं, कारण पोलीस ठाण्यात परवानगी आणायला दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. त्या गेल्या की परवानगी मिळायची. ठाण्यातल्या निम्म्या लोकांच्या आया केव्हा ना केव्हा त्यांच्या वॉर्डात राहून गेल्या होत्या.

माझ्याकडे त्यांनी वेळ मोजायचं काम दिलं. मी पोस्टात आहे हे कळल्यापासून त्या मला 'पोस्टमन' म्हणू लागल्या. मी एकदा सांगून पाहिलं की सिस्टर, मी काउंटरवर बसतो, पत्रं वाटत नाही. त्या म्हणाल्या, "बसता तं बसता, एवढं काहून सांगता?" त्यानंतर मी पोस्टमनच राहिलो.

शर्यत कोण जिंकतो याच्याशी सिस्टरना खरोखर देणंघेणं नव्हतं. पहिला आला की टाळ्या आम्ही वाजवायचो. त्या शेवटच्या रेषेवर उजवा हात आडवा करून उभ्या असायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर एक थाप मारायच्या. थाप बसली की तो आला. थाप चुकवून पुढे गेलेल्याला त्या परत बोलवायच्या. अचलपूरच्या शर्यतीत एक हौशी गडी जोरात आला आणि थेट चहाच्या टपरीवर जाऊन थांबला. सिस्टरनी त्याला चहाचा कप हातात असताना रेषेपर्यंत परत आणला, थाप मारली आणि म्हणाल्या, "हं, आता आला तू. पे आता चहा."

आणि त्यांना एक शब्द चालत नसे.

हे वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला जरा समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे कोणी 'येतो आहे' म्हणत नाही, 'येऊन राहिलो' म्हणतो. आणि 'येऊनच राहिलो' याचा अर्थ माणूस निघाला आहे असा मुळीच होत नाही. तो तोंडाला साबण लावून उभा असेल, शेतात असेल, अजून पांघरुणात असेल. फोनवरच्याला बरं वाटावं म्हणून म्हणायची ती गोष्ट आहे. त्याला कोणी खोटं समजत नाही, ऐकणाराही त्यावर विसंबत नाही, आणि सगळ्यांचं नीट चालतं. फक्त सिस्टरसमोर चालायचं नाही. पाणी द्यायला रस्त्यावर उभ्या केलेल्या पोरांना त्या फोन लावायच्या, "अमका आला का तिथं?" पोरगं म्हणायचं, "येऊनच राहिला सिस्टर." की त्या उखडायच्या. "येऊन राहिला म्हन्जे नाई आला. आला का नाई आला, दोनच सांग."

का, ते त्यांनी मला एकदा पातूरहून परत येताना सांगितलं होतं. नोकरीला नव्या लागल्या तेव्हाची गोष्ट. एका म्हाताऱ्याच्या खाटेशी त्या थांबल्या. जवळ त्याचा भाऊ बसला होता. सिस्टरनी विचारलं, कसं आहे. भाऊ म्हणाला, बरं होऊन राहिलं. "तो बिचारा मले बरं वाटावं म्हनून बोलला. मी पुढच्या खाटेकडं गेली. पलटून आली तं म्हातारा थंडा. तवापासून मी हात लावून पाह्यते. मानसाच्या तोंडाचा भरोसा नाई, अंगाचा हाये."

आमच्या शर्यतीत शेवटचा नंबर पक्का होता. तो भास्करराव राऊतांचा. राऊत मूर्तिजापूरचे. जिनिंगमध्ये काट्यावर बसून कापसाच्या गाड्यांचं वजन करायचे. पन्नाशीच्या आसपासचा, गोल चेहऱ्याचा, सदा प्रसन्न माणूस. बाकीचे लोक घट्ट कपडे आणि महागाच्या सायकली घेऊन यायचे. राऊत मडगार्ड-कॅरियरवाल्या काळ्या सायकलवर, पँटच्या घोट्याला रबर लावून यायचे. रस्त्यात ओळखीचा दिसला की उतरायचे. अनोळखी दिसला तर ओळख करून घ्यायला उतरायचे. कोणाच्या शेतात हरभरा बरा दिसला तर बांधावर उभं राहून त्याच्याशी बोलायचे आणि निघताना दोन डहाळ्या मागून शर्टाच्या खिशात खोचायचे. त्या सिस्टरसाठी. रेषेवर आले की थाप खाऊन झाल्यावर खिशातला हरभरा काढून त्यांच्या हातावर ठेवायचे. सिस्टर म्हणायच्या, "राऊतसाहेब, शर्यत होती." ते म्हणायचे, "हाव ना, म्हनून तं घरून लवकर निघालो."

राऊत आल्याशिवाय पंगत बसायची नाही, हा सिस्टरचा नियम. शर्यतीनंतर गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी असायची. वास नाकात जायचा, पोटात कावळे ओरडायचे, आणि सगळे रस्त्याकडे डोळे लावून राऊतांच्या नावाने खडे फोडत बसायचे. फारच उशीर झाला तर सिस्टर स्वतःची स्कूटी काढून उलट्या दिशेने जायच्या आणि त्यांच्या मागे हळूहळू येत त्यांना घेऊन यायच्या.

एकदा अमरावती-अकोला शर्यतीला बक्षीस द्यायला एक पुढारी आले होते. त्यांना पुढे लग्नाला जायचं होतं. ते सारखे घड्याळ बघत होते, त्यांचा माणूस माझ्या कानाशी लागत होता. मी सिस्टरकडे गेलो. त्या पुढाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "एक मानूस रस्त्यावर हाये साहेब."

"कितवा आहे?"

"शेवटचा."

साहेब हसले. "म्हणजे शेवटच्यासाठी थांबायचं?"

"त्याच्यासाठीच थांबायचं. पयला तं आपल्या पायानं आला, त्याले आपली काय गरज हाये?"

साहेब थांबले. दुसरं काय करणार. सिस्टरनी त्यांच्या हातात एक संत्रं दिलं, मग दुसरं दिलं. साहेबांची संत्री खाऊन संपली तेव्हा लांबून राऊत दिसले. एवढी माणसं आपल्याकडे तोंड करून उभी आहेत हे पाहून ते घाबरून रेषेच्या अलीकडेच उतरले आणि विचारू लागले, "काही झालं का? कोनी पडलं काय?" तेव्हा सगळ्यात जास्त कोणी टाळ्या वाजवल्या असतील तर त्या पुढाऱ्यांनी. लग्न हुकलं म्हणून ते चिडले असतील असं आम्हाला वाटलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःहून विचारलं, की तुमचे ते शेवटचे अजून आहेत ना?

एका वर्षी पातूरची शर्यत संक्रांतीनंतर होती. अकोल्याहून निघायचं, पातूर ओलांडून घाट चढायचा, वर वळायचं आणि खाली येऊन पातूरच्या अलीकडे एका शाळेच्या मैदानावर संपवायचं. त्या दिवसांत शेतकरी तूर झोडण्याऐवजी काड्या रस्त्यावर पसरून ठेवतात. वरून गाड्या गेल्या की शेंगा आपोआप फुटतात. गाड्यांना त्याचं काही नाही, पण सायकलीचं चाक त्यावर साबणासारखं घसरतं. मैदान नजरेच्या टप्प्यात असताना अकोल्याची एक मुलगी अशाच तुरीवरून घसरली. कोपराचं हाड वर आलं होतं. रुग्णवाहिका एकच होती. सिस्टर तिच्यासोबत आत चढल्या. तिचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. दार लागता लागता त्या एवढंच म्हणाल्या, "राऊत येऊ द्या, मंग बसा जेवाले."

आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो. वर वळणावर उभा असलेला विशाल आपला फलक गुंडाळून खाली आला. म्हणाला, राऊतसाहेब वळले, सगळ्यांत शेवटी, आता उतारच आहे, येऊनच राहिले. रोडगे थंड व्हायला लागले होते. कोणीतरी पाणी शिंपडून जागा करून ठेवली. मग कोणीतरी बसलं. मग सगळेच बसले. राऊत उशिरा येतात यात नवीन काय होतं? एखाद्या वेळी लवकर येत असते तर काळजी तरी वाटली असती.

जेवणं अर्ध्यात असताना गजाननभाऊंचा फोन वाजला. गजाननभाऊ अकोल्याचे, सायकलचं दुकान आहे, गटाचं सगळं सामान त्यांच्याकडे असायचं. फोन सिस्टरचा होता. मी शेजारीच बसलो होतो. गजाननभाऊ तोंडातला घास बाजूला सारून म्हणाले, "हाव, येऊनच राहिले." आणि फोन खाली ठेवला. पलीकडून तो आधीच ठेवला गेला होता.

जेवणं झाली, पत्रावळी उचलल्या, आणि तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की हे बरोबर नाही. आम्ही जीप काढली. घाटाच्या पायथ्याशी, रस्त्यापासून थोडं आत, एका पळसाला टेकून राऊत बसलेले होते. सायकल स्टँडवर नीट लावलेली होती. हेल्मेट काढून बाजूला ठेवलं होतं. गजाननभाऊंनी लांबूनच हाक मारली, "अवो राऊतसाहेब, चला ना, रोडगे थंडे झाले." त्यांनी दुसऱ्यांदाही हाक मारली. राऊतांच्या शर्टाच्या खिशात हरभऱ्याच्या डहाळ्या होत्या. हे मी सिस्टरना अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

हे लिहिताना मला फारसं काही वाटत नाही. त्या दिवशीही वाटलं नव्हतं. आपण मोठ्याने रडू असं मी समजत होतो, पण मी जीपमध्ये त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसलो होतो आणि विचार करत होतो की यांच्या पँटचं रबर काढायला हवं, घोट्याला रुतत असेल. तेवढंच डोक्यात होतं. रबर मी काढलं.

पातूरच्या दवाखान्यात सिस्टर आल्या तेव्हा डॉक्टरांचं सगळं सांगून झालं होतं. तरी त्यांनी राऊतांच्या कपाळाला हात लावला, मग मनगट धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, झटका मोठा होता, लगेच कोणी पोचलं असतं तरी सांगता येत नाही.

"वाचले असते का नसते? दोनच सांगा डॉक्टर."

डॉक्टरांनी राऊतांवरची चादर नीट केली.

मग त्या बाहेर व्हरांड्यात आल्या. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे होतो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वॉर्डात पेशंटची माहिती विचारावी तसं त्यांनी एकेकाला विचारलं.

"येताना त्यांले कोनं पाह्यलं?"

गजाननभाऊ म्हणाले, "मले विशालनं सांगतलं, येऊन राहिले म्हनून."

"विशाल, तू पाह्यलं?"

"वळताना पाह्यलं सिस्टर. मंग मी खाली आलो. दुसऱ्या रस्त्यानं, मोटरसायकलवर. मले वाटलं..."

"बाकी कोनं पाह्यलं?"

बाकीचे सगळे राऊतांच्या पुढे होते. ते पाहणार कसे? शेवटच्या माणसाच्या मागे कोणी नसतं.

"गजानन, तू मले फोनवर काय म्हनला?"

"हाव, येऊनच राहिले, असं म्हनलो."

"पयले हाव म्हनला?"

"हाव."

"मी हाव ऐकलं," सिस्टर म्हणाल्या. "मी विचारलं राऊत आले का, अन् मी हाव ऐकलं. मंग ठेवून देल्ला फोन. पोरीचा हात धरून राहिली होती मी, दुसरा हात नव्हता मले. पुढचं ऐकलंच नाई."

गजाननभाऊ रडायला लागले. सिस्टरनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुही काही चूक नाई बाप्पा. तू जसा रोज बोलते तसाच बोलला. मले माहीत होतं तू कसा बोलते."

आमच्याकडे प्रत्येक वाक्याची सुरुवात 'हाव'ने होते. त्याचा अर्थ होय असाही होतो आणि नुसता 'ऐकतोय, बोला' असाही होतो. सिस्टर याच मातीत वाढलेल्या होत्या. सगळ्या जिल्ह्याला ज्या शब्दावरून त्यांनी धारेवर धरलं, तो शब्द येण्याआधी त्यांनी फोन ठेवला होता. माझ्या मते यात कोणाचीही चूक नव्हती. हे मी त्यांना एकदा म्हणालोही. त्यांनी माझ्याकडे, ताप नसताना ताप आहे म्हणणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं बघितलं.

तेरावं झाल्यावर त्या मूर्तिजापूरला राऊतांच्या घरी गेल्या. मला सोबत घेतलं. राऊतांच्या पत्नी कुसुमताई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सिस्टर त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. मुलगी पडली, आपण गेलो, फोन केला, हाव ऐकलं, ठेवून दिला. काही गाळलं नाही, स्वतःला सावरून घेतलं नाही. कुसुमताई जमिनीकडे बघत ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "जेवले होते का ते?"

"नाई. निघताना केळं खाल्लं होतं, माह्यासमोर."

कुसुमताईंनी मान हलवली आणि उठून आत गेल्या. त्या परत आल्या नाहीत. सुनेने चहा आणून दिला, आम्ही तो प्यायलो आणि निघालो. त्यांना सोडायला मीही अकोल्यापर्यंत गेलो. एसटीत सिस्टर खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. बोरगाव गेल्यावर म्हणाल्या, "तिनं काही बोलाले पायजे होतं पोस्टमन. शिव्या देल्ल्या असत्या तं मी घेतल्या असत्या. हे असं मी कुठं ठेवू?"

त्यांना दुसरं काही नको होतं. माफी नको होती. राऊतांच्या घरातून एक शब्द हवा होता, बरा किंवा वाईट, आणि तो मिळत नव्हता.

शेवटची अमरावती-अकोला शर्यत रद्द करावी असं आम्हा सगळ्यांचं मत होतं. सिस्टर म्हणाल्या, होईल. सगळी तयारी त्यांनीच केली. रांगेतून जिभा पाहत फिरल्या, पण कोणाला बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत म्हणून सगळे घाबरून स्वतःच पाणी पीत होते. अकोल्यात रेषेवर हात आडवा करून उभ्या राहिल्या. एकेक जण थाप खाऊन आत आला. त्या दिवशी बँकेतले एक साहेब शेवटचे होते. ते आले, थाप बसली, आणि सिस्टरनी हात काढलाच नाही. साहेब बिचारे सायकलवर अवघडून थांबले होते. मग त्यांनी हात काढला, कोणाला काही न बोलता स्कूटी सुरू केली आणि न जेवता घरी गेल्या. पंगतीत कोणाला घास गोड लागला नाही.

पुढच्या दिवाळीनंतर मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी करा ना, मी कुठं नाई म्हनते. माह्यानं होत नाई." आम्ही केली नाही. परवानगीला कोण जाणार इथपासून अडलं आणि तिथेच राहिलं. त्यानंतर दोन हिवाळे गेले. आता दोघं-तिघं मिळून रविवारी कुठेतरी जातात, फोटो काढतात आणि परत येतात. सिस्टर निवृत्त झाल्या. त्यांच्या यजमानांचा एकदा फोन आला होता, उगीच, माझी खुशाली विचारायला. ठेवताना म्हणाले, "सिस्टर काही झोपत नाहीत हो आजकाल. पलंगावर बसून राहतात. स्वतः एवढी मोठी नर्स, गोळी घ्या म्हटलं तर घेत नाहीत." मी बरं म्हणालो.

दर रविवारी त्या मूर्तिजापूरला जातात हे मला गजाननभाऊंकडून कळलं. राऊतांकडेच जातात. तिथे जाऊन काय करतात ते त्यांनाही माहीत नव्हतं. "बसते म्हनतात," ते म्हणाले. "कुसुमवहिनी काही बोलत नाई, अन् ह्या जाऊन बसते."

यंदा गटातल्या नव्या पोरांनी शर्यती पुन्हा सुरू करायचं मनावर घेतलं आणि सिस्टरना विचारायला मला पाठवलं. फोनवर त्या नाही म्हणतील, समोर जा, असं ठरलं. मी रविवार बघून अमरावतीहून निघालो, सायकलनेच. बडनेरा सोडल्यावर डोक्यात वाक्यं जुळवत होतो, मूर्तिजापूर येईपर्यंत ती सगळी विसरलो. राऊतांच्या गल्लीत शिरलो तेव्हा दुपार झाली होती. दार उघडं होतं. कुसुमताई उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर सुपात डाळ होती. ती त्या पाखडत नव्हत्या. एकेक खडा बोटाने उचलून बाजूला ठेवत होत्या.

त्यांच्या मागे सतरंजीवर सिस्टर कुशीवर झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं होतं, एक हात डोक्याखाली होता. इतक्या वर्षांत मी त्यांना आडवं झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

कुसुमताईंनी ओठांवर बोट ठेवलं, सूप अलगद बाजूला ठेवून बाहेर आल्या आणि दार मागून लोटून घेतलं.

"काही काम होतं काय भाऊ?"

"नाही. सहज आलो होतो."

"उठवू नका त्याहिले. घरी डोळ्याले डोळा लागत नाई म्हनते. इथं आल्या का झोपते." त्या जरा थांबल्या. "पयले मले लय राग ये. मानूस माहं गेलं अन् झोप हिले लागून राहिली, तेही माह्याच घरात. एक खेप तं मी मुद्दाम घरी नाई राहिली, बहिनीकडं गेली. परत आली तं ह्या पायरीवर बसून होत्या, उन्हात, बंद दारासमोर. कोनाले काही विचारलं नाई, फोन नाई केला. डोळे असे लाल." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आता मी रविवारी कुठंच जात नाई."

पाणी आणू का, म्हणाल्या. मी नको म्हणालो. विचारायला आलो होतो ते विचारलं नाही. सायकल ढकलली की मागचं चाक टिकटिक वाजतं, म्हणून ती उचलून घेतली आणि गल्लीच्या टोकापर्यंत तशीच नेली.